शेततळ्यात सापडलेल्या खापरांचं वय कसं काढतात?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. माढा तालुक्यात भीमेकाठी तुमचं शेततळं खोदताना साधारण सात फुटांवर जेसीबीला पांढऱ्या, राखेसारख्या मातीचा थर लागला. त्यात हातभर लांबीच्या विटा, काळी-तांबडी खापरं आणि डोकं नसलेली मातीची एक बाहुली निघाली. तुम्ही ते सगळं धुऊन, उन्हात वाळवून पोत्यात भरून ठेवलंय. गावातले एकजण म्हणतात कार्बन डेटिंग करून घ्या, पुण्यात शिकणारा पुतण्या म्हणतो टीएल करा. तुम्हाला जाणून घ्यायचंय की मशीनला विटेचं वय कळतं कसं, आणि नेमकं साल मिळेल का.

मी मूळची सोलापूरची, कुंभार वेशीजवळ वाढलेली. पुढे सव्वीस वर्षं ल्युमिनेसन्सच्या प्रयोगशाळेत हेच काम केलं. त्या अनुभवातून सांगते: मशीनला वय कळत नाही. खापराने आजवर किती किरणोत्सर्ग शोषलाय, एवढंच मशीन मोजतं. त्याचं वर्षांत रूपांतर करायचं तर खापर ज्या मातीत पडलं होतं, ती माती लागते. तुमच्या प्रश्नात खापरं आहेत, विटा आहेत, बाहुली आहे. भोवतालची माती जपून ठेवल्याचा उल्लेख नाही. म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहिते.

कार्बनचा मुद्दा आधी संपवू. कार्बन डेटिंगला कधीतरी जिवंत असलेली वस्तू लागते: कोळसा, धान्याचा जळका दाणा, हाड. खापर म्हणजे माती, ती कधी जिवंत नव्हती. त्या थरात कोळशाचे तुकडे असतील तर ते जपून ठेवा, त्यांचं कार्बन जरूर करावं. पण त्यातून ते लाकूड झाडावर कधी वाढलं ते कळतं. जुना वासा शंभर वर्षांनी चुलीत गेला असेल, तर उत्तर त्या शंभर वर्षांनी मागे जातं. टीएल, म्हणजे थर्मोल्युमिनेसन्स, मराठीत तापदीप्ती, ही तपासणी थेट खापरालाच विचारते की तू शेवटचं कधी भाजलं गेलंस. पुतण्याचं म्हणणं बरोबर आहे.

आता आतली गोष्ट. प्रत्येक मातीत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम अगदी किंचित असतात. तुम्ही उसाला पोटॅश टाकता, त्यातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू किरणोत्सर्गी असतो. धोका काही नाही, पण त्यातून सतत बारीक मारा चालू असतो. वरून अवकाशातले विश्वकिरणही थोडी भर घालतात. मातीत गारगोटीचे, फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे बारीक कण असतात. या माऱ्याने त्यांच्यातले काही इलेक्ट्रॉन जागचे उठतात आणि स्फटिकाच्या रचनेत जिथे दोष असतो, तिथे अडकून बसतात. आम्ही त्या जागांना सापळे म्हणतो. सापळा खोल असेल तर इलेक्ट्रॉन लाखो वर्षंही तिथून हलत नाही. उष्णता मिळाली तर मात्र सुटतो, आणि सुटून परत जागेवर बसताना अगदी मंद प्रकाश देतो.

कुंभार माती आणतो तेव्हा तिच्यातले सापळे आधीच भरलेले असतात, लाखो वर्षांच्या माऱ्याने. मग ते मडकं आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत जातं. आव्यात पाचशे अंशांच्या वर तापलं की सगळे सापळे रिकामे होतात. पाटी कोरी होते. आवा निवला, मडकं बाहेर आलं, त्या दिवसापासून सापळे पुन्हा शून्यापासून भरू लागतात. लहानपणी मी आव्यासमोर उभी राहून धूर बघत असे. तिथे आत काय पुसलं जातंय ते मला पुढे खूप वर्षांनी समजलं, आणि आजही एखादं ताजं मडकं हातात घेतलं की पहिला विचार तोच येतो.

हे तत्त्व तुम्ही कदाचित पाहिलेलंही असेल. एक्स-रे विभागातले तंत्रज्ञ छातीवर एक छोटा बिल्ला लावतात, टीएलडी बॅज. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. दर तीन महिन्यांनी त्या तापवून त्यातून निघणारा प्रकाश मोजतात, आणि त्या माणसाला किती किरणोत्सर्ग लागला ते सांगतात. खापर हाही तसाच बिल्ला आहे, फक्त तो कुणी दोन हजार वर्षं वाचलेला नाही.

तापवल्यावर काही खनिजं चमकतात हे माणसाला जुनं माहीत आहे. रॉबर्ट बॉइल याने १६६३ मध्ये अंधारात हिरा स्वतःच्या अंगाच्या उबेने चमकवून पाहिला होता. त्यावरून वय काढता येईल ही कल्पना अमेरिकेत फॅरिंग्टन डॅनियल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये मांडली, आणि १९६० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये मार्टिन एटकेन यांनी ती खापरांसाठी पक्की केली. आपल्याकडे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने या कामाचा पाया घातला.

प्रयोगशाळेत नेमकं काय होतं ते सांगते, कारण त्यावरून तुमच्या धुतलेल्या खापरांचा प्रश्नही सुटेल. खोलीत फक्त मंद लाल दिवा असतो. साध्या प्रकाशानेही काही सापळे रिकामे होतात म्हणून ही काळजी. खापराचा बाहेरचा दोन मिलिमीटरचा थर चहूबाजूंनी घासून काढून टाकतो. म्हणजे ऊन लागलेला, पाण्याने धुतलेला भाग तसाही जातो. तेव्हा धुतल्याची हळहळ नको. खापर निदान बोटाच्या जाडीचं असेल तर आतला गाभा शाबूत आहे. एकच करा, यापुढे ती काळ्या पिशवीत ठेवा आणि पुन्हा उन्हात काढू नका.

मग गाभा हलक्या हाताने फोडून त्यातले कण वेगळे करतो. गारगोटीचे कण हवे असतील तर हायड्रोफ्लुओरिक ॲसिडमध्ये धुऊन वरचं साल काढतो. बारीक पूड एका सेंटिमीटरच्या धातूच्या चकतीवर बसवतो आणि चकती नायट्रोजन भरलेल्या कोठडीत ठेवतो. सेकंदाला पाच अंश अशा वेगाने ती तापू लागते. वर बसवलेली फोटोमल्टिप्लायर नळी प्रकाशाचा एकेक कण मोजते आणि पडद्यावर रेघ सरकते.

त्या रेघेत एक जागा मला कायम आवडत आली. गारगोटीत ११० अंशांच्या आसपास सुटणारा एक उथळ सापळा असतो. साध्या तापमानाला तो काही तासांतच गळून रिकामा होतो. म्हणून खऱ्या जुन्या खापराची रेघ तिथे सपाट जाते, काहीच नाही. ती वर चढते तीनशे अंशांच्या पुढे, खोल सापळ्यांपाशी, आणि तिथे जे दिसतं ते त्या कुंभाराच्या दिवसापासूनचं असतं. त्याच पुडीला आम्ही प्रयोगशाळेत स्ट्रॉन्शियमच्या स्रोताने मारा दिला आणि लगेच तापवलं, की ११० वर उंच सुळका उभा राहतो. चारशेच्या पुढे आणखी एक अडचण येते. चकतीच तापून लाल होऊ लागते आणि तिचा उजेड मिसळतो. म्हणून तीच चकती दुसऱ्यांदा तापवतो. दुसऱ्या वेळी सापळे रिकामे असतात, जो उजेड दिसतो तो निव्वळ तापलेल्या धातूचा. तो पहिल्यातून वजा करायचा.

नंतर पुडीच्या काही भागांना मोजून मापून जास्तीचा मारा देतो: एकाला इतका, दुसऱ्याला दुप्पट, तिसऱ्याला चौपट. प्रकाश किती वाढतो ते पाहिलं की मूळ प्रकाश किती माऱ्यामुळे होता हे काढता येतं. ती तपासणी एकाच तापमानाला करून भागत नाही. तीनशेपासून साडेचारशेपर्यंत सगळीकडे तेच उत्तर यायला हवं. आलेखावर ते पठारासारखं सपाट दिसतं. पठार नसेल तर समजायचं की मडकं नीट भाजलेलं नव्हतं किंवा दुसरीच काही गडबड आहे. असा नमुना मी बाजूला ठेवते. त्याच्यावरून वय सांगणं मला कधीच पटलं नाही.

इथवर मिळतो तो एक आकडा, ग्रे या शोषलेला किरणोत्सर्ग मोजायच्या एककात. उदाहरणासाठी ३.८ ग्रे धरू. आता वर्षं कशी काढायची? तुमच्याकडे ठिबक आहे, त्यावरून सांगते. ड्रिपरखाली बादली ठेवली आणि तीत बारा लिटर पाणी साठलंय. किती वेळ झाला? ड्रिपर ताशी चार लिटरचा असेल तर तीन तास, दोन लिटरचा असेल तर सहा तास. बादलीकडे कितीही बारकाईने बघा, ड्रिपर केवढा ते बादली सांगणार नाही. खापर ही बादली. ड्रिपर बराचसा खापराच्या स्वतःच्या मातीत असतो आणि उरलेला भोवतालच्या जमिनीत.

कारण किरणांचे पल्ले वेगळे असतात. अल्फा किरण केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर जातात. बीटा दोनेक मिलिमीटर. हे दोन्ही खापराच्या आतूनच येतात, म्हणून ते खापरावरून मोजता येतात. गॅमा किरण मात्र मातीतून फूटभर अंतरावरून येतात. खापराभोवती फूटभर त्रिज्येचा मातीचा गोळा कल्पून बघा. त्यातलं युरेनियम, थोरियम, पोटॅशियम किती, त्यात दगड किती, विटांचा ढीग किती, यावर गॅमाचा वाटा ठरतो. समजा खापराच्या आतून वर्षाला १.३ मिलिग्रे, मातीतून ०.५ आणि अवकाशातून ०.२ मिळतात. एकूण दोन मिलिग्रे. तर ३.८ ग्रेला १९०० वर्षं लागली. मातीचा ०.५ हा आकडा अंदाजाने धरावा लागला, तर चूक थेट वयात उतरते.

आणि पाणी. सोलापूरच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त डोकं इथे लावते. मातीत आणि खापरात ओल असेल तर पाणी बरेच किरण स्वतः शोषून घेतं, खापरापर्यंत कमी पोचतात. आपली काळी माती पाणी धरून ठेवणारी. पण जिल्हा अवर्षणाचा. पूर्वी आठ महिने जमीन कोरडी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, पाणी आलं, ऊस आला, आणि आज तुमच्या रानात बारमाही ओल आहे. आज तिथली ओल मोजून कुणी तीच दोन हजार वर्षांना लावली तर काय होईल? वरच्या उदाहरणात खापर आणि माती दोन्हींतली सरासरी ओल १० टक्के होती असं धरून १९०० वर्षं आली असतील, तर ३० टक्के धरल्यावर साधारण सव्वाबावीसशेच्या पुढे जातात. साडेतीनशे वर्षांचा फरक, तोही मशीनची काहीच चूक नसताना. म्हणून मी विचारते की त्या जागी ऊस कधीपासून आहे, आधी ज्वारी होती का, विहिरीला पाणी किती फुटांवर लागायचं, पुरात भीमा तिथवर येते का. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे विचारून ठेवा. या उत्तरांचा हिशोबात खरोखर उपयोग होतो.

भेगांचा आणखी एक त्रास आहे. काळ्या रानात वरची खापरं उन्हाळ्यात भेगेतून खाली जातात आणि पावसाळ्यात जमीन फुगली की तिथेच पुरली जातात. सात फुटांवर सापडलं म्हणजे ते सात फुटांच्याच काळाचं, असं काळ्या मातीत म्हणता येत नाही. पांढरीच्या थरात हा धोका कमी. तुम्हाला लागलेला पांढरा थर म्हणजे बहुधा जुन्या वस्तीची पांढरी असावी: पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण, कचरा, शतकानुशतकं साचलेला. आपल्याकडे धाब्याच्या घरांसाठी, शेतात पसरण्यासाठी पांढरीची माती गाड्या भरभरून नेली आणि कितीतरी टेकाडं नाहीशी झाली. तुमच्या शेतात तो थर काळ्याखाली दबून राहिला, म्हणून टिकला.

आपल्या भागाची एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. इथला खडक बेसॉल्ट. त्यात किरणोत्सर्गी द्रव्यं कमी, आणि गारगोटीही कमी. म्हणजे बादली सावकाश भरते, आणि ज्या कणांवर आमचा सगळ्यात जास्त भरवसा ते कण खापरात मोजकेच सापडतात. मग बारीक कणांवर किंवा फेल्डस्पारवर काम करावं लागतं. फेल्डस्पारला एक खोड आहे: तत्त्वाप्रमाणे जे इलेक्ट्रॉन अडकून राहायला हवेत, त्यातले काही हळूहळू गळतात. ती गळती तपासली नाही तर वय कमी येतं. यासाठी एकाच थरातली निदान सहा-आठ खापरं लागतात. एका खापरावर मी कधी विसंबले नाही.

तरी सगळं नीट जमलं तर नेमकं साल मिळेल का? नाही. चांगल्या कामात पाच ते दहा टक्क्यांची चूक धरावी लागते. १९०० वर्षं म्हणजे १९०० अधिक-उणे १५०. तुमच्या विटा आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांबीच्या असतील, तर सातवाहन काळ मनात येणं साहजिक आहे. तुमच्यापासून फार लांब नाही ते तेर, म्हणजे जुनं तगर, पेरिप्लस या जुन्या ग्रीक ग्रंथात उल्लेख असलेली बाजारपेठ, तिथे त्या काळातल्या मातीच्या मूर्ती मुबलक मिळाल्या. पण सातवाहनांच्या आतला हा राजा की तो, हे टीएल सांगू शकत नाही. ते एखादं नाणं किंवा खापराची घडण ओळखणारी नजर जास्त नीट सांगेल. टीएलचं काम मोठे फरक तोडणं: ही वस्ती दोन हजार वर्षांपूर्वीची, की यादवांच्या काळची, की पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या प्राचीन वस्तीसारखी तीन हजारांच्या पलीकडची.

दुसरी गोष्ट, जे वय येतं ते शेवटच्या भाजणीचं. एका जुन्या वाड्याची वीट माझ्याकडे आली होती. घरच्यांच्या मते वाडा तीनशे वर्षांचा. विटेचं वय आलं सातशेच्या आसपास. घरच्यांना वाटलं वाडाच सातशे वर्षांचा. मी जाऊन पाहिलं, तर त्या भिंतीत तीन मापांच्या विटा होत्या. गावची पडकी गढी उकरून विटा आणल्या होत्या. घरच्यांचं खरं, विटेचंही खरं. उलटंही होतं: घराला मोठी आग लागली आणि खापर पुन्हा पाचशे अंशांवर गेलं, तर पाटी पुन्हा कोरी होते आणि वय आगीचं येतं. म्हणून पांढरीत जळकी माती, काजळी दिसली का हेही लिहून ठेवा.

बाहुलीला सध्या कुणालाही हात लावू देऊ नका. तिच्या तळाला बारीक छिद्र पाडून चिमूटभर पूड घेऊन तपासता येतं, पण ती पद्धत मुख्यतः खरी की नकली हे ठरवायला. तुर्कस्तानातल्या हाजिलारच्या म्हणून जगभरच्या संग्रहालयांनी घेतलेल्या ६६ वस्तू १९७० च्या सुमारास अशा तपासल्या, त्यातल्या ४८ नव्या निघाल्या. तुमची बाहुली तुमच्यासमोर जमिनीतून निघाली, तिला ती परीक्षा नको. तिचं वय शेजारच्या विटा-खापरांवरून कळेल. आणि तिचा सीटी स्कॅन वगैरे कुणी सुचवलं तर नमुने काढेपर्यंत थांबा, त्या किरणांनीही बादलीत भर पडते.

हे काम खाजगी पातळीवर सहसा होत नाही. प्रयोगशाळा संशोधनातले नमुने घेतात, म्हणून सोलापूर विद्यापीठ किंवा पुण्याचं डेक्कन कॉलेज यांच्यामार्फत जा. त्याआधी तहसीलदारांना लेखी कळवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, आणि जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंची खबर द्यायला सांगणारा कायदा तर १८७८ पासून आहे. तुम्ही स्वतःहून विचारलंत, यावरून तुमची दडवण्याची इच्छा नाही हे दिसतंच. मग कागदावरही ते असू द्या.

एकदा बाहेरगावच्या एका उत्खननातून मला बारा खापरं आली होती, कापसात गुंडाळून, प्रत्येकावर क्रमांक. मातीची पिशवी एकही नाही. विचारलं तर कळलं, जागेवरून रस्ता गेलाय. बाराही खापरांची रेघ सुंदर आली, पठार सपाट. पण ड्रिपर केवढा हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं. मी एवढी रुंद मर्यादा लिहून दिली की तिचा कुणाला उपयोग झाला नाही. ती खापरं आजही माझ्या मनातून गेलेली नाहीत.

तुमच्याकडे मात्र अजून वेळ आहे. तुम्ही लिहिलंय की शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरायचा राहिलाय. म्हणजे खड्ड्याच्या उभ्या भिंतीत तो पांढरा थर अजून उघडा आहे. विद्यापीठातलं कुणी येऊन पाहील तोवर कागद थांबवता आला तर उत्तम. नाहीच जमलं, तर एवढं करा. भिंतीचे टेपसकट फोटो काढा: वरची काळी किती फूट, पांढरी कुठून कुठवर. ज्या जागी विटा निघाल्या तिथला वाळलेला पापुद्रा खुरप्याने वीतभर खरवडून टाका आणि आतली ताजी, ओली माती किलोभर घ्या. थराच्या मधली एक पिशवी, फूटभर वरची एक, फूटभर खालची एक. नांगरटीची वरची माती नको, तीत खतं मिसळलेली असतात. या मातीला अंधाराची गरज नाही, पण तिची ओल उडता कामा नये, म्हणून प्रत्येक नमुना दुहेरी प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून लगेच वजन करा आणि तारीख घाला. भिंतीत एखादं खापर अर्धवट रुतलेलं दिसलं तर ते धुऊ नका, मातीसकट काळ्या पिशवीत घाला. विटा नेमक्या कुठे निघाल्या ते जेसीबीवाल्याला विचारा. बकेट कुठे अडली ते त्याला बरोबर आठवत असेल.